सावली हेही औषधच

पेणच्या एका वाचकाने पत्र पाठवून विचारले आहे, ‘आईला दम्याचा त्रास आहे. घरासमोर रस्त्याकडेला एक झाड लावावे म्हणतो. सर्वांत जास्त ऑक्सिजन देणारे झाड कोणते? पिंपळ रात्रीसुद्धा ऑक्सिजन सोडतो, हे खरे काय?’ २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सिलिंडरसाठी धावाधाव चालू असताना असे प्रश्न मला रोज येत. लाट ओसरली, प्रश्न मात्र राहिले. एका ओळीचे उत्तर पोस्टकार्डावर लिहून मोकळे होता आले असते. पण विषय साऱ्यांच्याच उपयोगाचा असल्याने तो या सदरात घेत आहे.

प्रथम पिंपळाविषयी. झाडाचे पान ऑक्सिजन तयार करते ते फक्त उजेडात. सूर्य मावळला की ते काम बंद पडते आणि झाड तुमच्याआमच्यासारखेच नुसते श्वसन करते, म्हणजे ऑक्सिजन घेते व कार्बन डायऑक्साइड सोडते. पिंपळ याला अपवाद नाही. निवडुंग, कोरफड यांसारख्या काही वनस्पती रात्री पानांची छिद्रे उघडतात, परंतु ती कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी. ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच तयार होतो. दुसरी गोष्ट अशी की, हवेत ऑक्सिजन सुमारे एकवीस टक्के असतो आणि तो कासूच्या नाक्यावर जेवढा, जवळजवळ तेवढाच कर्नाळ्याच्या जंगलात. दम्याच्या रोग्याला धाप लागते ती हवेत ऑक्सिजन कमी असतो म्हणून नव्हे, तर श्वासनलिका आकसतात म्हणून. कोरोनातही हवेतला ऑक्सिजन कमी झाला नव्हता. फुप्फुसे सुजल्यामुळे तो रक्तात पोहोचत नव्हता. तेव्हा ऑक्सिजनच्या हिशेबाने कोणी झाड निवडू नये.

याच न्यायाने, रात्री झाडाखाली झोपले तर विषारी वायूने माणूस गुदमरतो हीही समजूत निराधार आहे. खोलीत शेजारी झोपलेला माणूसही कार्बन डायऑक्साइड सोडतच असतो. मात्र चिंचेखाली, वडाखाली रात्री झोपू नये असे जुनी माणसे सांगत, त्याला साप, मधमाश्या आणि वाळक्या फांद्या ही तीन कारणे पुरेशी आहेत. भुताचे ज्याने त्याने पाहावे.

मग झाड लावायचे कशासाठी? माझ्या मते, पहिले कारण सावली.

नाक्यावरची गोष्ट

कासू हे मुंबई-गोवा महामार्गावर वडखळ आणि नागोठणे यांच्या मधले गाव. पश्चिमेला खारेपाट, पूर्वेला डोंगर आणि त्याच्या पायथ्याच्या वाड्या. पनवेल-रोहा मार्गावरचे स्थानक येथे आहे, पण गाड्या मोजक्याच. त्यामुळे पेणला वा रोह्याला जाणाऱ्यांची मदार रस्त्यावरच. मी येथे दवाखाना सुरू केला त्या काळात महामार्ग अरुंद होता आणि त्याच्या कडेला वड, चिंच, आंबा अशी जुनी झाडे होती. एसटीची वाट पाहणारी माणसे झाडाखाली थांबत. बाया टोपल्या उतरवून बसत, पोरे खेळत. दवाखान्यात गर्दी असली की माझे रोगीही तेथेच जाऊन बसायचे. नंबर आला की कंपाउंडर दारातून हाक मारी. थोडक्यात, माझी प्रतीक्षा-खोली सरकारी वडाखाली होती आणि तिचे भाडे मला कधी द्यावे लागले नाही.

२०११ मध्ये पळस्पे ते इंदापूर या टप्प्याच्या चौपदरीकरणाचे काम सुरू झाले. रस्ता रुंद व्हायचा तर झाडे जाणारच, तशी ती गेली. रस्ता नको होता असे मी म्हणणार नाही. अपघाताचा रोगी मध्यरात्री पनवेलला न्यायची वेळ आली की रस्त्याची किंमत डॉक्टरला कळते. पण काम वर्षानुवर्षे रेंगाळले, धूळ आमच्या वाट्याला आली, आणि सावली जी गेली ती कोणाच्याच हिशेबात धरलेली नव्हती. झाडे किती तोडली याची नोंद कोठे तरी असेल. झाडाखाली किती माणसे बसत होती, याची नोंद कोण ठेवणार?

२०१९ च्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास एका सत्तरीच्या बाईंना नातवाने मिनीडोरमधून माझ्याकडे आणले. पेणला बँकेत जायचे म्हणून त्या नाक्यावर उभ्या होत्या. गाडी येईना, निवारा नाही, दीड-दोन तास उन्हात काढले. ‘डॉक्टर, आजी काहीबाही बोलते, नि उभीच राहत नाय,’ नातू सांगत होता. अंगाला हात लावला तर चटका बसावा. घाम नाही. ताप १०६ अंश फॅरनहाइट. आम्ही लुगडे सैल करून अंगभर पाणी ओतले, पंखा लावला, शेजारच्या हॉटेलातून बर्फ आणून काखेत, मानेला व जांघेत ठेवला, सलाइन लावले आणि पेणच्या उपजिल्हा रुग्णालयात पाठवले. आजी वाचल्या. पण तेव्हापासून त्यांचा तोल गेला आहे. चालताना पाय फेकले जातात, बोलणे किंचित जड झाले आहे. मेंदूच्या मागच्या बाजूला तोल सांभाळणारा लहान मेंदू असतो, त्याला उष्णता लवकर बाधते आणि ती इजा पुष्कळदा भरून येत नाही. दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला त्या काठी टेकत येतात, तेव्हा मला तो वड आठवतो.

ऊन शरीरात कसे शिरते

आपल्या शरीराचे तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहावे लागते. ते राखण्याचे मुख्य साधन घाम. घाम येऊन उपयोग नाही, तो सुकला पाहिजे. सुकताना तो अंगाची उष्णता घेऊन जातो. आपल्या कोकणात हवा दमट. घाम निथळतो, पण सुकत नाही. म्हणून विदर्भातल्या ४२ अंशांपेक्षा आपले ३८ अंश सोपे असतात असे समजू नये. हवामान खात्यानेही हा फरक मानलेला आहे. उष्णतेची लाट जाहीर करण्यासाठी मैदानी भागात पारा किमान ४० अंशांवर जावा लागतो. किनारपट्टीवर तो ३७ वर गेला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त असला तरी लाट धरतात.

उन्हात उभ्या माणसाला उष्णता तीन बाजूंनी मिळते. डोक्यावरून सूर्याची, सभोवतालच्या हवेची आणि पायाखालून तापलेल्या डांबर-काँक्रीटची. झाडाखाली हवेचे तापमान फार उतरते असे नाही, एक-दोन अंशांनी, कधी थोडे जास्त. पण डोक्यावरचे ऊन तुटते, आणि सावलीतली जमीन उन्हातल्या डांबरापेक्षा दहा-वीस अंशांनी थंड असते. मोठे झाड पानांतून दिवसाकाठी शेकडो लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर टाकू शकते. तो एक प्रकारे झाडाचा घामच. पत्र्याच्या निवाऱ्याला हे जमत नाही. पत्रा स्वतः तापतो आणि खाली बसलेल्याला भाजतो. पेणला आणि हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यांत मे महिन्यात पत्र्याखाली काम करणाऱ्यांना हे मी सांगायला नको. शेडच्या पश्चिमेला एखादे दाट झाड असेल तर दुपारनंतरचे ऊन छपरावर थेट पडत नाही. काम तेच, पण माणूस कमी थकतो.

१६ एप्रिल २०२३ चा दिवस आपला जिल्हा विसरणार नाही. खारघरच्या उघड्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यासाठी लाखो लोक सकाळपासून बसले होते. उन्हाच्या त्रासाने १४ जणांचे प्राण गेले. त्या दिवशी तेथे पारा ३८ अंशांच्या आसपास होता, म्हणजे एप्रिलमध्ये आपल्याला काही विशेष वाटू नये इतका. दोष कोणाचा यात मला शिरायचे नाही, त्यावर पुष्कळ बोलून झाले आहे. एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. रेवदंड्याच्या प्रतिष्ठानच्या श्रीसदस्यांनी जिल्हाभर झाडे लावली आहेत, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाणी घालून जगवली आहेत. दुसऱ्यांसाठी सावली उभी करणाऱ्यांतलीच ही माणसे त्या दिवशी सावलीविना बसली होती.

झाडे गेल्याने माणसांच्या प्रकृतीवर काय परिणाम होतो, याचा अमेरिकेत एक नमुनेदार अभ्यास झाला आहे. तेथे ‘अॅश’ जातीच्या झाडांना पोखरणारा एक हिरवा भुंगेरा बाहेरून आला आणि कोट्यवधी झाडे वाळली. २०१३ मध्ये संशोधकांनी पंधरा राज्यांतील १९९० ते २००७ या काळातील मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. ज्या भागांत झाडे मेली तेथे हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने सुमारे पंधरा हजार आणि श्वसनाच्या विकाराने सुमारे सहा हजार मृत्यू जादा झाल्याचे त्यांना आढळले. हा संबंध आकडेवारीचा आहे. झाड मेले म्हणून अमुक माणूस मेला असे त्यातून सिद्ध होत नाही. तरीही दुर्लक्ष करावे इतका आकडा लहान नाही. दुसरा अभ्यास जुना आणि लहान, पण मला आवडणारा. पेनसिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रोग्यांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणारे रोगी लवकर घरी गेले आणि त्यांना वेदनाशामक औषधेही कमी लागली. रॉजर उलरिच यांनी १९८४ मध्ये हे प्रसिद्ध केले. रुग्णालयाच्या आवारातील झाडे तोडून वाहनतळ करणाऱ्यांनी ते वाचावे.

माझ्याच दारातले झाड

आता दुसरी बाजू. झाडाने सावली दिली तर ते औषध. पण वाईट वागवलेले झाड डोक्यावर पडते. याचे उदाहरण दूर शोधायला नको.

दवाखान्यासमोर माझा एक गुलमोहर होता. पावसाळ्यात रोग्यांच्या पायाने चिखल आत येई म्हणून मी खोडापर्यंत काँक्रीट करून घेतले आणि वर लाद्या बसवल्या. पुढे पाण्याची नळजोडणी घेताना एका बाजूची मुळेही तोडू दिली. झाड फुलत होते, तेव्हा मला वाटले, चालते सगळे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. माझा गुलमोहरही लाद्यांसकट उपटला आणि बरोबर त्या तोडलेल्या मुळांच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे कंपाउंडरच्या मोटारसायकलीवर पडला. टाळेबंदीमुळे बाकड्यावर रोगी नव्हते, एवढेच माझे नशीब. पुढचे पंधरा दिवस मी झाडे तोडताना कोयती लागलेले आणि छपरावरून पडलेले रोगी शिवत होतो.

गुलमोहर हे दिसायला सुंदर, पण लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ असलेले झाड आहे, हे खरे. तरी त्याला मारले मीच. झाडाची मुळे जेवढी उंची तेवढी खोल जातात, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक मुळे वरच्या दोन-तीन फूट मातीतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. त्यांना पाणी लागते तशी हवाही लागते. वर काँक्रीट केले की दोन्ही बंद. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश दिला, तो याच कारणासाठी. आपल्याकडे पेव्हर ब्लॉक बसवताना खोडाला अगदी चिकटवून बसवतात आणि तेच नीटनेटके दिसते असे मानतात. मंदिरापुढच्या पिंपळाला जुन्या पद्धतीचा दगडमातीचा पार असे, त्यातून पाणी मुरे. आता दात्याच्या नावाची फरशी लावून पार सिमेंटने बंद करतात. दात्याची भावना चांगली असते, पण पिंपळ ती वाचू शकत नाही.

खिळ्यांचेही तसेच. खोडाच्या सालीच्या आतून पानांत तयार झालेले अन्न खाली मुळांकडे जाते. खिळा ठोकला की तेथे जखम. जखमेतून बुरशी आणि कीड. शिकवणीवर्ग आणि मूळव्याधीच्या जाहिरातींची जागा झाडावर नव्हे. (त्या मूळव्याधीच्या जाहिरातींवर कधी तरी वेगळे लिहीन.) पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ असे गमतीदार नाव घेतलेल्या तरुणांनी झाडे खिळेमुक्त करण्याची मोहीम चालवली, ती आपल्या गावांत सहज करण्याजोगी आहे, पक्कड आणि एक सुट्टीचा दिवस पुरतो. खिळ्याहून वाईट म्हणजे तार. लहानपणी बांधलेली तार किंवा लोखंडी जाळी वेळेवर काढली नाही, तर खोड जाड होताना ती सालीत रुतते. बोटात अडकलेल्या अंगठीने बोट सुजून काळे पडते, तसेच हे. फरक इतकाच की बोट लगेच दुखते आणि झाड पाच वर्षांनी वाळते. मग आपण म्हणतो, कीड लागली असेल.

मी रोग्याला तपासतो तसे झाड तपासता येते. पावसाळ्यापूर्वी, एप्रिल-मेमध्ये एकदा घराजवळच्या मोठ्या झाडाभोवती सावकाश फिरावे. बुंध्याशी कानाच्या आकाराची बुरशी उगवली आहे काय? असेल तर आतले लाकूड कुजत असण्याची शक्यता मोठी. खोडात ढोली आहे काय? ढोली असूनही झाड वर्षानुवर्षे उभे राहते, म्हणून नुसत्या ढोलीने घाबरू नये. पण ढोली आणि झुकाव दोन्ही असतील तर जाणत्या माणसाला दाखवावे. झाड जन्मापासून वाकडे असेल तर ते बहुधा सावरलेले असते. गेल्या पावसाळ्यापर्यंत सरळ असलेले यंदा कलले आणि मागच्या बाजूची माती फुगून भेगाळली, तर मात्र वाट पाहू नये. त्याखाली रिक्षा लावू नये आणि मुलांना खेळू देऊ नये.

छाटणीच्या नावाखाली शेंडा उडवण्याची आपल्याकडे पद्धत पडली आहे. ती चूक. शेंडा तोडलेल्या जागी ज्या नव्या फांद्या फुटतात त्यांचा सांधा कच्चा असतो आणि पुढे वाऱ्याने त्याच प्रथम मोडतात. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या खोडाजवळच्या फुगीर कड्यापाशी नीट कापाव्यात, म्हणजे जखम झाडच भरून काढते. विजेच्या तारांखालची झाडे दर वर्षी एकाच बाजूने सोलली जातात आणि लंगडी होतात. पण तारेखाली उंच होणारे झाड लावणारे आपणच असतो. तेथे कांचनासारखे लहान झाड लावावे.

नगरपरिषदांच्या हद्दीत १९७५ चा ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम’ लागू आहे. पेण, रोहा, अलिबाग येथील रहिवाशांना स्वतःच्या अंगणातले झाडही वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून तोडता येत नाही, आणि धोकादायक झाडाबद्दल अर्जही तेथेच करावा लागतो. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरील झाडाला वारसा वृक्ष मानले आणि झाड तोडले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावावीत असे ठरवले. हेतू चांगला. पण ऐंशी वर्षांच्या आजीच्या जागी ऐंशी तान्ही बाळे आणून ठेवली आणि घरात त्यांना दूध पाजणारे कोणी नाही, अशी स्थिती झाली तर काय उपयोग? वनमहोत्सव आपल्या देशात १९५० पासून चालू आहे. आपल्या राज्यात २०१६ मध्ये दोन कोटी, मग चार कोटी, तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडांचे संकल्प झाले. फोटो जुलैत निघतात आणि रोपे मरतात ती मार्चमध्ये. दवाखान्याच्या भाषेत सांगायचे तर आपण बाळंतपण थाटात करतो आणि लसीकरण विसरतो.

रोपाला पहिले तीन उन्हाळे सांभाळावे लागते. पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन फुटांचा खड्डा, त्यात चांगली माती व कुजलेले शेणखत, काठीचा आधार आणि सैल सुतळी. दिवाळीनंतर आळे करून आठवड्यातून दोनदा पाणी. पाण्याची ओढ असेल तर बुडाला बारीक भोक पाडून वात घातलेले मडके रोपाजवळ पुरावे. ते भरले की पाणी हळूहळू मुळांना मिळत राहते. आळ्यात पाचोळा पसरावा, त्याने ओल टिकते. तोच पाचोळा सकाळी रस्त्याच्या कडेला पेटवणे ही मात्र दम्याच्या रोग्यांवरची आफत आहे. जानेवारी-फेब्रुवारीत माझ्याकडे पहाटे धाप लागून येणाऱ्यांपैकी कित्येकांच्या घराशेजारी आदल्या संध्याकाळी पाला जाळलेला असतो. पानांचा धूर चुलीच्या धुरासारखाच. झाडाचा म्हणून तो सौम्य नसतो.

मुलांच्या बाबतीत दोन सूचना. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुले खातात आणि दोन-तीन तासांत वर्गच्या वर्ग उलट्या करत दवाखान्यात येतो. बहुतेक मुले सलाइन आणि मीठ-साखरेच्या पाण्याने बरी होतात, पण शाळेजवळ ही झुडपे नसावीत. पिवळ्या कण्हेरीचे फळ त्याहून घातक. ते हृदयावर परिणाम करते, तेथे घरगुती उपाय करत बसू नये. दुसरे, जांभळाची फांदी दिसते जाड पण काडकन मोडते. जूनमध्ये झाडावरून पडलेला मुलगा मान किंवा पाठ दुखते म्हणाला, पायांना मुंग्या आल्या म्हणाला, तर त्याला दोघांनी हातापायाला धरून उचलू नये. फळीवर किंवा दारावर सरळ निजवून, मान हलू न देता न्यावे. १०८ ला फोन करून थांबणे त्याहून बरे.

उन्हाने कोणी कोसळले तर काय करावे, हेही येथेच सांगतो. सावलीत न्यावे, कपडे सैल करून अंगभर साधे पाणी ओतावे, वारा घालावा, बर्फ मिळाला तर काखेत व जांघेत ठेवावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये, ते फुप्फुसात जाते. तापाची गोळी देऊ नये. या तापावर ती चालत नाही. रोगी बरळत असेल तर थंड करणे चालू ठेवूनच रुग्णालयात न्यावे.

आता पेणच्या पत्रलेखकाला उत्तर. आपल्या मातोश्रींना दमा आहे, तेव्हा सातवीण टाळावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिच्या फुलांच्या उग्र वासाने पुष्कळांना डोकेदुखी व धाप लागते. ऑस्ट्रेलियन बाभूळही नको. करंज लावावा. तो आपल्या किनाऱ्याचाच, खाऱ्या वाऱ्याला दबत नाही, मुळे खोल जातात, आणि पानगळ झाली तरी उन्हाचा कडाका वाढेपर्यंत नवी पालवी दाट होते. झाड घराच्या पश्चिमेला, भिंतीपासून दहा-बारा फूट अंतरावर असावे. रस्त्याची धूळ अडवायची असेल तर झाडाबरोबर कमरेइतके हिरवे कुंपणही घालावे, कारण धूळ येते ती खालून. वर तारा नाहीत ना, ते पाहावे; रस्त्याची जागा नगरपरिषदेची असल्याने त्यांना आधी विचारावे. बुंध्याभोवती चारही बाजूंना तीन-तीन फूट माती उघडी ठेवावी. झाड लावले म्हणून आईंचा पंप बंद करू नये. मीही गुलमोहराच्या जागी २०२० च्या जुलैत करंजच लावला. लाद्या काढून टाकल्या, चिखल आत येतो, त्याला इलाज नाही. दुपारी बारानंतर त्याची सावली बाकड्यावर येते आणि तीननंतर सरकते. मग कंपाउंडर बाकडे ओढून सावलीत घेतो. करंज एप्रिल-मेमध्ये फुलतो. त्या दिवसांत आईंचा त्रास वाढला तर मला जरूर कळवावे.